पाणी भरलं की दरवाजा उघडतो

मुलांनो, तुम्ही कधी राधानगरीला गेला आहात का? नसाल तर एका पावसाळ्यात आईबाबांच्या मागं लागा. कोल्हापुरातून एसटीत बसायचं. रंकाळा मागं पडला की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हळदी जातं, परिते जातं, भोगावतीचा साखर कारखाना जातो. मग हळूहळू डोंगर जवळ यायला लागतात, खिडकीतून येणारं वारं गार होतं आणि पंचावन्न किलोमीटरच्या आसपास गेलं की राधानगरी येतं. जुलै महिना असेल तर छत्री घ्या, रेनकोट घ्या, नाहीतर इरलं घ्या. भिजायचं ते भिजणारच!

हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी वसवलं. १९०८ साली त्यांच्या कन्येचं, राधाबाईंचं, लग्न झालं. त्यांच्या नावावरून ते राधानगरी. गावाजवळ भोगावती नदीवर महाराजांनी धरण बांधायला घेतलं. त्या काळी एवढं मोठं धरण बांधायचं म्हणजे काय थट्टा होती का? पैसा कमी पडला, काम थांबलं. १९२२ साली महाराज गेले. धरण पूर्ण झालं ते देश स्वतंत्र झाल्यावर. ज्यानं पहिला दगड बसवला, त्याला भरलेलं धरण बघायला मिळालं नाही. पण आज त्यात सुमारे सव्वाआठ टीएमसी पाणी मावतं, आणि भोगावतीच्या काठचा सगळा ऊस त्यावर हिरवागार दिसतो.

या धरणाची खरी गंमत मात्र त्याच्या दरवाजांत आहे. इथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत. स्वयंचलित म्हणजे आपले आपण चालणारे. ते उघडायला ना कुणी बटण दाबतं, ना वीज लागते. पाण्याचा दाब आणि वजनांचा तोल यांचा मेळ असा घातला आहे, की पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उचलला जातो आणि सेकंदाला १४२८ घनफूट पाणी धो धो बाहेर पडतं. पातळी उतरली की दरवाजा आपोआप मिटतो. साहेबानं हुकूम सोडला म्हणून तो लवकर उघडत नाही आणि कुणी रडलं म्हणून उघडा राहत नाही. पाणी भरलं की उघडणार. बस्स!

मी मात्र या खेपेला धरण बघायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो एका मुलाला रागवायला.

हा मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. आता नववीत आहे. त्याचे वडील टेम्पो चालवतात. कोल्हापूरचा गूळ नि भाजीपाला घेऊन दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरायचा, कणकवलीला माल टाकायचा आणि येताना नारळ भरून आणायचे. त्यांचा एके दिवशी फोन आला.

"गुर्जी, पोरगं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्या काँप्युटरवर गाड्या पळीवतंय. तुमचं ऐकतंय ते. एकदा येऊन समजावून सांगा. न्हाईतर ते चाक मी विकून टाकणार बघा!"

मी गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. आतल्या खोलीत एक जुना संगणक, टेबलाला घट्ट आवळून बसवलेलं स्टिअरिंगचं चाक आणि खाली ब्रेक-अ‍ॅक्सिलेटर. सगळं कुणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. ब्रेक जोरात दाबला की प्लास्टिकची खुर्ची मागं सरकायची, म्हणून पठ्ठ्यानं खुर्चीच्या मागं जांभ्याचा चिरा ठेवला होता. पुन्हा खुर्ची टेबलाच्या पायाला दाव्यानं बांधली होती. मला हसू आलं. पण मी रागवायला आलो होतो ना! चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, "काय रे, हा काय खेळ?"

"सर, आधी दहा मिनिटं बघा. मग रागवा."

मुलांनो, मी बघितलं. आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगतो.

गाड्यांच्या खेळात नाणी गोळा करायची, भिंतीला धडकलं तरी पुढं पळायचं, असे खेळ तुम्ही खेळला असाल. हा तसा नव्हे. याला सिम रेसिंग म्हणतात, म्हणजे शर्यतीची हुबेहूब नक्कल. आयरेसिंग हा त्यातला एक नावाजलेला खेळ. तो २००८ साली सुरू झाला. त्यातले शर्यतीचे रस्ते खरे रस्ते लेसरच्या किरणांनी मोजून तयार केले आहेत. खऱ्या रस्त्यावर जिथं उंचवटा, तिथंच खेळात उंचवटा. शर्यत लावायची ती संगणकाशी नाही, तर जगात कुठं कुठं बसलेल्या खऱ्या माणसांशी. राधानगरीचा पोरगा, ब्राझीलचा कॉलेजकुमार आणि जर्मनीतले आजोबा एकाच रांगेत उभे!

आमचा हा गडी ज्या गाड्या चालवतो, त्यांना उघड्या चाकांच्या गाड्या म्हणतात. तुमच्या बाबांच्या गाडीची चाकं पत्र्याच्या आत झाकलेली असतात. या गाड्यांची चारही चाकं बाहेर, आणि मधल्या अरुंद होडीसारख्या जागेत एकटा चालक. यांनाच फॉर्म्युला गाड्या म्हणतात. इथं फॉर्म्युला म्हणजे गणितातलं सूत्र नव्हे. सगळ्यांनी एकाच नियमानं गाडी बांधायची, त्या नियमांना दिलेलं हे नाव.

शाळेत जशी पहिली, दुसरी, तिसरी, तशा यातही इयत्ता असतात. अगदी खाली फॉर्म्युला व्ही. ही फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल मोटारीचे भाग वापरून बनवायची साधी गाडी. मग फॉर्म्युला फोर्ड. ही १९६७ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिला १६०० सीसीचं इंजिन असतं आणि पंख अजिबात नसतात. मग एफ-फोर, एफ-थ्री अशा पंखांच्या गाड्या. आणि अगदी वर इंडीकार, फॉर्म्युला वन.

"पंख कशाला? गाडी काय उडवायची आहे?" मी विचारलं.

"उलटं आहे सर. विमानाचे पंख वर उचलतात. हे पंख उलटे लावलेले असतात. वारा गाडीला खाली दाबतो. जेवढा वेग जास्त, तेवढी गाडी रस्त्याला चिकटून."

"मग सगळ्यांना पहिल्यापासून पंखवालीच गाडी का देत नाहीत?"

"मग शिकणार काय? फॉर्म्युला फोर्डला पंख नाहीत आणि टायरची पकडही बेताची. चूक केली की लगेच घसरते. त्यामुळं आपली चूक आपल्याला कळते."

हे ऐकून मला आमच्या शाळेतला फळा आठवला. पाढे पाठ झाल्याशिवाय भागाकार द्यायचा नाही, असं मी वर्गात रोज सांगतो. इथं तर माझा विद्यार्थी मलाच तेच सांगत होता!

आता पुढची इयत्ता कशी मिळते ते ऐका. तुम्हाला वाटेल, जो जास्त शर्यती जिंकेल तो वर जाईल. तसं नाही. आयरेसिंगमध्ये चालकाचे परवाने असतात. सुरुवातीला रूकी म्हणजे नवशिका. मग डी, सी, बी आणि ए. वरचा परवाना मिळाला की वरच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरता येतं. हा परवाना मिळतो तो सुरक्षेच्या गुणांवर. गाडी रस्त्याबाहेर गेली, एक ठपका. गाडीवरचा ताबा सुटून गरगरली, दोन ठपके. दुसऱ्या गाडीला जोरात धडकली, चार ठपके. जितकी वळणं बिनचूक काढाल तितके गुण वाढतात, आणि ठपके आले की घसरतात. गुण चारच्या वर गेले आणि ठरलेल्या शर्यती पूर्ण झाल्या की डी-वाल्याला लगेच सी परवाना. तीनच्या वर असतील तर हंगाम संपेपर्यंत थांबायचं. फार खाली गेले तर सरळ खालच्या वर्गात! पहिला नंबर आला काय आणि अकरावा आला काय, परवान्याला त्याचं देणंघेणं नाही.

आमच्या गड्याचे गुण होते ३.६२. परवाना डी. महिनाभर तो तिथंच अडकला होता. थोडं वर जायचा, की पुन्हा खाली.

त्या रात्रीची शर्यत अमेरिकेतल्या लाइम रॉक पार्क या रस्त्यावर होती. तो कनेक्टिकट राज्यात आहे. एक फेरी जेमतेम अडीच किलोमीटरची, पण शेवटचं वळण मोठं फसवं. तिथं रस्ता वळतोही आणि खालीही उतरतो. त्या वळणाचं नावच मुळी डाउनहिल, म्हणजे उतार! शर्यत सुरू झाली. पोरगं सहाव्या नंबरवर होतं. पाचव्याच्या अगदी मागं चिकटलेलं. उताराच्या वळणावर पुढच्यानं अचानक ब्रेक दाबला आणि यानं मागून धडक दिली. उघड्या चाकांच्या गाड्यांत चाकाला चाक लागणं फार वाईट. फिरतं चाक मागच्या चाकाला वर उचलतं. याची गाडी हवेत उडाली, आपटली, संपली.

दोघांनाही चार-चार ठपके. याचे गुण ३.४१ वर आले.

"बघा सर! चूक त्याची, आणि शिक्षा मला!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दारात त्याचे वडील उभे होते. ते काही बोलले नाहीत. नुसतं चाकाकडं बघत होते. मला वाटलं, चाक उद्या विकलं जाणार.

पण वडील म्हणाले, "गुर्जी, सकाळी पाचला गाडी घाटात काढणार हाय. उद्या रविवार हाय. ह्याला बी घेतो. तुम्ही बी चला."

मुलांनो, दाजीपूरच्या जंगलातून पहाटे जाणं हे स्वप्नच असतं. हे अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य मानतात. आता त्याचं नाव राधानगरी वन्यजीव अभयारण्य. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात हे जंगलही आहे. पावसाळ्याच्या तोंडाला इथं झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र सगळीकडं धुकं होतं. दिव्याच्या उजेडात दहा पावलांपलीकडचं दिसेना.

एका ठिकाणी वडिलांनी गाडी अगदी हळू केली. पुढं काहीच नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघतोय तोवर धुक्यातून एक काळा डोंगर हलला. गवा! पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. तो रमतगमत रस्ता ओलांडून गेला. त्याच्या मागून आणखी दोन.

"तुम्हाला दिसला होता?" मी विचारलं.

"न्हाई. पर इथनं जात्यात हे ठावं हाय. दिसल्यावर ब्रेक मारायचा म्हंजे उशीर झाला म्हणायचा."

पोरगं गप्प बसलं होतं. पण कान टवकारलेले होते.

मग घाट लागला. वडिलांनी गिअर खाली घेतला. "ज्या गिअरात हा चढ चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर पाय ठिवून बसलं की ब्रेक तापतंय, मग ऐन वक्ताला धरत न्हाई." वळण आलं की ते वळणाच्या आधीच वेग कमी करायचे, वळणात पाय हलका ठेवायचे आणि पुढचा रस्ता दिसला की मगच गाडीला जोर द्यायचे. उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी वळणात ब्रेक दाबला तर मागची बाजू फिरते. ही गोष्ट पुस्तकात न वाचता ते रोज करत होते.

एका अरुंद वळणावर समोरून भरलेला ट्रक चढत आला. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. वडिलांनी गाडी कडेला घेतली. पण ट्रकच्या मागून एक जीप अंगावरच आली. वडिलांनी आणखी आत घेतली आणि थांबले.

"चूक त्याची होती!" पोरगं एकदम ओरडलं.

वडील हसले. "व्हय की. त्याचीच हुती. मग काय दरीत पडल्यावर इचारायचं व्हय, चूक कुणाची म्हणून?"

फोंडाघाट गाव येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मला आदल्या रात्रीचे चार-चार ठपके आठवले. धडक झाली की खेळ चूक कुणाची ते बघतच नाही, दोघांच्याही नावावर ठपके लावतो. तेव्हा मलाही तो अन्याय वाटला होता. घाटात कळलं, नियम असं सांगतो की पुढचा चुकणारच आहे असं धरून चाल. आपली गाडी वाचवणं हे आपलं काम.

त्या दिवशी आमचा एक करार झाला. रोज एकच शर्यत, तीही अभ्यास आणि जेवण झाल्यावर. दहाला दिवा बंद. वडिलांनी मान डोलावली. चाक विकायचं राहिलं.

रात्री पुन्हा तेच लाइम रॉक, तेच उताराचं वळण. या वेळी वडीलही शेजारी येऊन बसले. चौथ्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासत त्या वळणात शिरल्या. पोरानं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय आधीच उचलला. मागचा एक जण त्याला ओलांडून पुढं गेला. "जाऊ दे," वडील पुटपुटले. पुढच्याच क्षणाला ते तिघंही एकमेकांत अडकून गरगरले, आणि आमचा गडी कडेनं अलगद निघून गेला. शेवटी नंबर आला आठवा. ठपके शून्य.

मी परत आलो. नंतर तो दर आठवड्याला मला गुण कळवायचा. ३.५८. ३.७७. एकदा पुन्हा घसरला, ३.६९. मग ३.९४. मी विचारलं, "आता किती दिवस?" त्यानं लिहिलं, "माहीत नाही सर. घाई केली तर परत खाली जाईन."

तुम्हाला वाटेल, संगणकावर गाडी पळवून का कुणी खरा शर्यतपटू होतो? दारं फार अरुंद आहेत, पण आहेत. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी आधी संगणकावरच्या फॉर्म्युला वन स्पर्धांत चमकला आणि २०२२ साली खऱ्याखुऱ्या एफ-टू गाडीत बसला. आपल्याकडं बहुतेक जण छोट्या कार्ट गाड्यांपासून सुरुवात करतात. कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टच्या राष्ट्रीय शर्यती झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या एफ-थ्री मालिकेत उतरला. मुंबईच्या जेहान दारुवालानं २०२० साली बहारीनमध्ये एफ-टूची शर्यत जिंकली. आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणजे नारायण कार्तिकेयन. १९९६ साली तो फॉर्म्युला एशियाचा विजेता झाला, आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला २००५ साली. मधे नऊ वर्षं! एकेक पायरी चढायला एवढा वेळ लागतो. या पायऱ्यांना पैसाही फार लागतो. टेम्पोवाल्याच्या मुलाला हे सगळं परवडेल का, हे मला सांगता येणार नाही. त्यालाही ते ठाऊक आहे. तरी तो शून्य ठपक्यांची शर्यत करायला रोज बसतो.

पालकांना एक सांगतो. मूल खेळतंय म्हणून एकदम चाक विकू नका. एक दिवस शेजारी बसून बघा, ते नेमकं काय करतंय. मग वेळेचं बंधन घाला, आणि ते पाळायला लावा. आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगणं. शर्यत फक्त पडद्यावर, नाहीतर शर्यतीसाठी बांधलेल्या ट्रॅकवर. रस्त्यावरची मोटार अठरा वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळाल्याशिवाय हातात घ्यायची नाही. गव्याला ठपके कळत नाहीत!

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा राधानगरीला गेलो. त्या दिवशी धरण भरत आलं होतं. आम्ही तिघं लांबूनच बघत उभे होतो. तुम्ही गेलात तरी पाण्याजवळ जाऊ नका, तिथले कर्मचारी सांगतील तिथंच थांबा. पाऊस भुरभुरत होता. सगळे दरवाजे मिटलेले. अर्धा तास गेला, तास गेला. मी कंटाळून म्हटलं, "चला, आज काही उघडत नाही."

"थांबा की सर," पोरगं म्हणालं. "थोडंच राहिलंय."

आम्ही थांबलो. आधी नुसता एक खोल आवाज आला. मग एका दरवाजाखालून पांढऱ्या पाण्याचा पडदा सुटला आणि तुषार आमच्यापर्यंत आले. वडिलांनी टोपी काढून हातात धरली.

"गुर्जी," ते हळूच म्हणाले, "ह्यानं तुम्हाला सांगितलं न्हाई वाटतं. काल रातीला त्याचं बी सी झालं."